घोगऱ्याचं लॅटिन

"चिलापी घ्या की ओ सर, उजनीची हाय, पहाटंची."

रविवारी सकाळी मासळी बाजारात शिरलं की पहिला आवाज हाच. मी सर वगैरे कुणी नाही. चष्मा आणि कापडी पिशवी एवढ्या भांडवलावर मावशींनी मला ही पदवी बहाल केली आहे. त्यांच्यापुढे निळ्या प्लास्टिकवर बर्फाचा चुरा, त्यावर चिलापीचा ढीग. एका कडेला चार-पाच रोहू, एखादा कटला, आणि पितळी रंगाचा, ओठांशी मिशा असलेला सायप्रिनस. पाण्याच्या वेगळ्या टपात मरळ, अजून जिवंत, मधूनच शेपटी आपटणारी. तिचा भाव विचारला की मावशी आधी आपल्या तोंडाकडे बघतात. आकडा मग सांगतात. मरळीची गिऱ्हाइकं ठरलेली. त्यात आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातली तेलुगू बोलणारी मंडळी जास्त. ती आली की मावशीही भाषा बदलतात आणि मरळीची "कोर्रमीनू" होते. सोलापुरात माशालासुद्धा तीन भाषा यायला लागतात.

मी चिलापीच घेतो. मावशी लाकडी दांडक्याला सोड्याच्या बाटलीची बुचं ठोकून केलेल्या खरवडणीनं शेपटीकडून डोक्याकडे तीन-चार फटकारे मारतात. खवले उडून माझ्या चष्म्यावर येतात. मग पाठीवरचे काटे आधी छाटायचे, कारण ते सुईसारखे बोटात जातात. मागच्या पावसाळ्याआधी एकदा त्यांनी एका चिलापीचा कल्ला उचकला आणि तिच्या तोंडातून पिवळे दाणे घरंगळले. बाजरीएवढे. पाचपन्नास तरी असतील. मला वाटलं काही खाल्लेलं आहे.

"अंडी हायती ती," मावशी म्हणाल्या. "ही तोंडात धरून फिरती. पिल्लं निघाली तरी तोंडातच. भ्या वाटलं की परत आत."

एवढ्यात चिलापीची सगळी गोष्ट आली. आपल्या नदीतल्या बहुतेक माशांचा रिवाज वेगळा. पावसाचं पहिलं गढूळ पाणी आलं की प्रवाहाविरुद्ध चढायचं, उथळ जागी हजारो अंडी सोडायची आणि पुढचं देवावर. चिलापीला ना पूर लागतो, ना प्रवाह. नर उथळ पाण्यात गाळात परातीसारखा खड्डा करतो, मादी अंडी घालून तोंडात उचलते आणि बाकीच्यांची मुलं ज्या वयात दुसऱ्यांच्या पोटात जातात त्या वयात हिची आईच्या तोंडात असतात. काही महिन्यांत तीच पिल्लं स्वतः आईबाप होतात. वर्षातून अनेकदा. अशा माशाला साचलेलं पाणी दिलं तर काय होणार ते सांगायला मत्स्यशास्त्रज्ञ नको.

आणि साचलेलं पाणी आपण केवढं दिलं! भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. 117 टीएमसी पाणी, त्यातलं निम्म्याहून जास्त, 63 टीएमसीच्या वर, मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी. "उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य उन्हाळ्यात सोलापूरकर ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात इतर गावचे लोक पेशंटबद्दल बोलतात. पण मायनस म्हणजे कोरडी नव्हे. मायनसमध्येही खाली समुद्र असतोच. वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, शेतातलं खत येतं, पाणी हिरवं होतं, शेवाळ वाढतं. नदीतल्या माशाला ते सोसत नाही. चिलापीला चालतं, किंबहुना तेच तिचं ताट.

आईचं माहेर त्या पाण्याखाली आहे. करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठावर. धरणाआधी पुनर्वसन झालं, घर मिळालं, जमीन उशिरा मिळाली, आणि ज्या गावाशेजारी वसवलं त्या गावानं पुढची वीस वर्षं त्यांना "धरणवाले" म्हटलं. बाहेरचा, परका, उपरा हे शब्द मी माशांसाठी वापरायला लागतो तेव्हा जीभ जरा अडखळते ती यामुळे. पण म्हणून गोष्ट बदलत नाही. चिलापी आफ्रिकेची. भारतात ती 1952 साली आली, त्या वेळच्या सिलोनमधून तामिळनाडूतल्या मंडपमला. हेतू चांगला होता: लवकर वाढतो, काहीही खातो, गरिबाच्या ताटात प्रथिन येईल. आलंही. मी स्वतः दर रविवारी त्या प्रथिनाला काळं तिखट आणि शेंगदाण्याचा कूट लावून ज्वारीच्या भाकरीबरोबर न्याय देतो. उजनीकाठची कितीतरी घरं, आईच्या माहेरची काही धरून, आज चिलापीवर चालतात. तिला शिव्या घालणं मला जमणार नाही.

मला खुपतं ते निराळंच.

लेक अकरावीला. कॉलेजात जैवविविधतेचा प्रकल्प मिळाला, विषय "आपल्या भागातील गोड्या पाण्यातील मासे". एका रात्री ती मोबाइलवरून वहीत शास्त्रीय नावं उतरवत होती आणि इंग्रजी वळणानं मोठ्यानं म्हणत होती: "मिस्टस सींगटी... स्पेराटा सींघाला... रिटा गोग्रा. बाबा, ही रिटा गोग्रा म्हणजे तुमच्या ऑफिसातली कोणी वाटते."

आई पलीकडे शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "शिंगटी गं. शिंगटी, शिंघाळा आणि घोगरा. नीट म्हण."

खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. लेकीनं वही खाली ठेवली. मी मोबाइल घेतला आणि पुढचे दोन तास त्यात गेले.

घडलं असं की 1824 मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं विल्यम हेन्री साईक्स नावाच्या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायला नेमलं. माणसं, जमिनी, पिकं मोजता मोजता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही टिपत गेला. भीमेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी तो भोई-कोळ्यांनी जाळ्यात काढलेले मासे मागवायचा, चित्रं काढून घ्यायचा आणि, माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, याला तुम्ही काय म्हणता ते विचारायचा. 1839 मध्ये ही सगळी नावं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या इतिवृत्तात छापून आली. चाळीसहून अधिक मासे, त्यांतले बहुतेक शास्त्राला नवे. नवीन जातीला नाव द्यायचं तर ग्रीक-लॅटिन धुंडाळायचं, अशी रीत. साईक्सनं कितीदा तरी तो त्रास घेतलाच नाही. भोयानं सांगितलेला शब्द कानाला जसा ऐकू आला तसा रोमन अक्षरांत लिहून टाकला. शिंगटीचं सींगटी, घोगऱ्याचं गोग्रा, शिंघाळ्याचं सींघाला. लॅटिनच्या नियमाप्रमाणे शेपूट वगैरे जोडायच्या भानगडीतही तो पडला नाही. गेली 185हून अधिक वर्षं जगातला कुठलाही प्राणिशास्त्रज्ञ हा मासा मांडताना नकळत भीमाकाठची मराठी बोलतो आहे.

हीच तऱ्हा पुढेही चालू राहिली. कृष्णा-पंचगंगेकडे एक चपटा, चांदीसारखा मासा आहे. तो दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. लोक त्याला खवलचोर म्हणत. कुलकर्णी नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञानं 1952 मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं तेव्हा तोच शब्द जसाच्या तसा घेतला: खवलचोर. 1952. म्हणजे तिकडे मंडपमला चिलापी उतरत होती त्याच वर्षी.

आता बाजाराकडे या. मावशींच्या प्लास्टिकवर पितळी रंगाचा तो मासा असतो ना, सायप्रिनस? चीनपासून युरोपपर्यंतच्या पाण्यातला कॉमन कार्प. आरशासारख्या खवल्यांचा वाण 1939 मध्ये निलगिरीत आला, आपण खातो तो 1957 मध्ये बँकॉकहून. गाळात तोंड खुपसून तो तळ उकरत राहतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो. आपल्याकडे त्याला देशी नाव नव्हतंच, मत्स्यखात्याच्या कागदावर लॅटिन नाव होतं, ते जीपमधून उतरलं आणि भोयांच्या तोंडी बसलं. अशिक्षित म्हणवणारी मावशी अस्सल लॅटिन नाव ओरडून मासा विकते आणि माझी अकरावीतली लेक घोगऱ्याला रिटा म्हणते. लॅटिनमध्ये मराठी आणि बाजारात लॅटिन. ही अदलाबदल कधी झाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गप्पी तर सगळ्यांत हुशार. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. मी बरीच वर्षं समजत होतो की हा गप्प राहतो म्हणून गप्पी. नाव एका इंग्रजाचं आहे! त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या गप्पी आडनावाच्या साहेबानं नमुने लंडनला पाठवले, म्हणून. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्या विहिरींत, हौदांत, गटारांत इतका रुळला आहे की त्याला परका म्हटलं तर लोक माझ्याकडे बघतील. त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया 1928 मध्ये इटलीमार्गे आला, काम तेच. आपल्या ओढ्यांतही डोक्यावर चकाकता ठिपका असलेला एक बोटाच्या पेराएवढा मासा आहे, तो डासांच्या अळ्या खातोच. पण त्याची घोषणा कुणी भिंतीवर रंगवली नाही.

रोहू आणि मृगळ यांचं काय, हा प्रश्न लेकीनं विचारला आणि मी गारद झालो. कारण मी त्यांना आपलेच धरून चाललो होतो. ते गंगेच्या खोऱ्यातले. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 ला हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली आणि सगळं चित्र पालटलं. मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, पिशवीत, ऑक्सिजन भरून, कुठेही. आता उजनीत, सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावात, पाझर तलावात, शेततळ्यात दर पावसाळ्यात बोटुकली सोडतात आणि फोटो निघतात. त्या फोटोत घोगऱ्याची बोटुकली मी अजून पाहिलेली नाही.

मांगूरबद्दल मी फार लिहिणार नाही. आफ्रिकन मांगूर, ज्याला थाई मांगूरही म्हणतात, त्याच्यावर भारतात बंदी आहे आणि तरी शेततळ्यांत तो सापडतो, आणि त्याला काय खायला घालतात हे ज्यांनी पाहिलंय ते सांगत नाहीत. हवेत श्वास घेऊ शकतो, समोर येईल ते खातो, शेततळं फुटलं की ओढ्याला लागतो. बस.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन उजनीकाठी मामेभावाकडे गेलो. पहाटे पाण्यावर धुकं होतं आणि लांब कुठेतरी पलसदेवच्या दिशेनं पाणकावळे उडत होते. एकजण थर्मोकोलच्या लादीवर मांडी घालून, हातांनी पाणी मारत, रात्री लावलेलं जाळं काढून आणत होता. त्याला सगळे आण्णा म्हणत. आण्णांनी काठावर जाळं पसरलं आणि निवड सुरू झाली. चिलापी, चिलापी, चिलापी. एक वाम, सापासारखी, तिला बघून लेक दोन पावलं मागे. चार-दोन शिंगट्या. आणि एक काळपट, दगडासारखं काहीतरी, जाळ्यात इतकं गुरफटलेलं की आण्णा पुटपुटत शेजारी बसले.

तो सकर होता. हातभर लांब. अंगावर खवले नाहीत, कवच. बोटानं वाजवलं तर टकटक होईल असं. पाठीवरचा पर शिडासारखा उभा, आणि प्रत्येक काटा उलट्या आकड्यासारखा जाळ्याच्या आसात अडकलेला. आण्णांनी दोन-तीनदा सोडवायचा प्रयत्न केला, मग खिशातून पातं काढून जाळंच कापलं. सकर वाळूवर पडला, तोंड खाली, पोटाशी वाटीसारखे ओठ उघडमीट करत.

"ह्याला कोण खातंय?" लेकीनं विचारलं.

"कुत्रं सुदा हुंगून जातंय," आण्णा म्हणाले. "आन् मरायलाही लई वेळ घेतंय बगा. आमचं जाळं मातूर लगीच मरतंय."

मी काहीच बोललो नाही. लेक लहान असताना आमच्याकडे काचेची टाकी होती. काचेवरचं शेवाळ खातो म्हणून दुकानदारानं बोटाएवढा एक सकर दिला होता. तो वर्षभरात वीतभर झाला आणि बाकीच्या माशांना टाकीत जागा उरेना. मारवत नव्हतं. एका संध्याकाळी बादलीत घालून स्कूटरवर हिप्परग्याला नेला, 1871 साली बांधून झालेल्या त्या एकरूखच्या तलावात सोडला, आणि घरी येताना अगदी पुण्य केल्यासारखं वाटलं. लेक तर टाटा करत होती. तो दक्षिण अमेरिकेचा आहे, दीड फुटापर्यंत वाढतो, अंडी घालायला काठांच्या मातीत बिळं करतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

माझा सकर उजनीत पोचणं शक्य नाही, हे मी त्या पहाटे मनाशी पुन्हा पुन्हा तपासलं. हिप्परग्याचं पाणी आदिला नदीनं सीनेला जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते, आणि हे सगळं उजनीच्या खाली. पाणी उलटं चढत नाही. पण हा हिशेब करून फार बरं वाटलं असंही नाही. कुडलच्या त्या संगमावरच्या मंदिरात मराठीतला अगदी जुना शिलालेख आहे, शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा. तिथून खाली वाहणाऱ्या पाण्यात मी बादलीभर काय मिसळलं, ते कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही.

जाळ्याच्या तळाशी एक गोष्ट राहिली होती. आण्णांनी ती वेगळी काढली. वीतभर, राखाडी, डोकं रुंद आणि कवटी वरून खडबडीत, जणू चामडं ताणून बसवलं आहे. खांद्याशी दोन्ही बाजूंना जाड काटे. आण्णांनी ती दोन बोटांनी काट्यांच्या मागून धरली आणि लेकीच्या कानाशी नेली. घुर्र, घुर्र, बारीक, घसा बसल्यासारखा आवाज.

"म्हणून घोगरा," आण्णा म्हणाले.

लेकीनं त्याचा फोटो काढलाच नाही. ती ऐकत राहिली. आण्णा म्हणाले, पूर्वी पाटीभर निघायचे, आता नशिबानं. वडापवाले, म्हणजे जीपवाले नव्हेत, वडाप जाळं ओढणारे, बारीक आसाच्या जाळ्यांनी सगळी पिल्लावळ ओढून नेतात, त्यात आपला-परका काही राहत नाही. हे त्यांनी चिलापीच्या ढिगाकडे बघत सांगितलं, आणि मला वाटतं त्यात खरी तक्रार चिलापीबद्दल नव्हतीच. नदी अडवली ती चिलापीनं नव्हे. पाणी हिरवं केलं तेही तिनं नव्हे. ती नुसती वेळेवर आली.

परतीच्या एसटीत लेकीनं आणखी एक गोष्ट वाचून दाखवली आणि माझा उरलासुरला अभिमानही गेला. साईक्सच्याच यादीत खुदरी नावाचा महसीर आहे, दख्खनच्या खळाळत्या पाण्यातला राजबिंडा मासा. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात त्याची पैदास होते, कौतुकानं नद्यांत सोडतात. तोच खुदरी 1970 नंतर कावेरीत सोडला गेला आणि तिथं त्यानं कावेरीच्या स्वतःच्या, पाठीला कुबड असलेल्या महसीरची जागा घेतली. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय ओळख नीट मिळाली ती 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो अत्यंत संकटग्रस्त जाहीर झाला. म्हणजे कावेरीकाठी कुणीतरी माझ्यासारखाच चष्मेवाला बसून लिहीत असेल, की हा महाराष्ट्रातून आलेला उपरा मासा...

"आपला चिलापी," लेक म्हणाली.

घरी आलो तेव्हा प्रकल्पाची वही पूर्ण झाली होती, फक्त मराठी नावांचा रकाना मोकळा होता. तो भरायला आई बसली. मी साईक्सची नावं एकेक वाचायची, तिनं ओळखायची. समोर चहा, मांडीवर सूप. घोगरा, हो. शिंगटी, हो. शिंघाळा, "लई मोठा व्हायचा, माझ्या मामानं एकदा सायकलला बांधून आणलेला." फुलुंगी म्हटल्यावर ती थांबली. शब्द ऐकल्यासारखा वाटतो म्हणाली, मासा डोळ्यांपुढे येत नाही. लेकीनं तिथं पेन्सिलीनं बारीक खूण केली.

मग आईनंच विचारलं, "अहेर आहे का त्यात?"

अहेर म्हणजे लग्नातला नव्हे. नदीतला तो लांबलचक, गुळगुळीत, सापासारखा मासा. हा सगळं आयुष्य नदीत काढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची पिल्लं काचेच्या दोऱ्यासारखी, बंगालच्या उपसागरातून कृष्णेत, कृष्णेतून भीमेत चढत यायची. वाटेत नागार्जुनसागर उभा राहिला, श्रीशैलम उभा राहिला, आणि आपल्या दारात उजनी.

मी यादीत शोधलं. होता. पण साईक्सनं नेमकं याचंच मराठी नाव घेतलेलं नव्हतं. आपल्याला नेमणाऱ्या गव्हर्नरसाहेबाचं नाव त्याला दिलं होतं. अँग्विला एल्फिन्स्टनी.

"आहे," मी म्हणालो, "पण एल्फिन्स्टनसाहेबाच्या नावावर आहे."

आईनं सुपातल्या शेंगा एका बाजूला सारल्या. "त्याचा कुठला? आमच्या घाटाच्या खालच्या दगडात असायचा."